ठिपके कुणी पुसले

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देणारा माणूस या देशात एक तर वेंधळा असतो, नाहीतर दुष्ट. प्रोफेसर ओटफ्रीड ब्रॉयनिंग दोन्ही आहेत, असं गुंडुला हेम्पेलचं त्या दुपारपासून ठाम मत झालं.

ती संस्थेच्या कँटीनमध्ये बटाट्याच्या सूपमध्ये पाव बुडवून खात होती. प्रोफेसर हातात ट्रे घेऊन समोर येऊन उभे राहिले. बसले नाहीत. बसले असते तर बोलणं वाढलं असतं.

"उद्या वाढदिवस ना तुमचा, हेम्पेलबाई? आजच शुभेच्छा देऊन टाकतो, उद्या मीटिंगच्या गडबडीत राहून जाईल."

"अहो, आदल्या दिवशी देतात का कुणी? अपशकुन असतो."

"शास्त्रज्ञ ना आपण!" प्रोफेसर हसले. "आणि हो, एक बारीकशी गोष्ट. लेखात एक वाक्य घालावं लागतंय. तुमचे स्फटिक जुळे निघाले."

गुंडुलाचा पाव सूपमध्ये पडला.

स्फटिक वाढवणाऱ्या बाईला तिचा स्फटिक जुळा आहे म्हणणं म्हणजे सुगरणीला भर पंगतीत भात कच्चा आहे म्हणण्यासारखं आहे. जुळा म्हणजे बाहेरून एकसंध दिसणारा, पण आत अर्धी रचना सुलटी आणि अर्धी उलटी असलेला, कुठेतरी मधेच सांधलेला. असला स्फटिक टाकाऊ. गुंडुलाने आयुष्यात असले स्फटिक पाहिले होते, नाही असं नाही. पण ते तिने स्वतः शोधून, स्वतः फोडून फेकून दिले होते. डबीत घालून कुणाला दिले नव्हते.

"कशावरून म्हणता?"

"न्यूट्रॉनवरून. डावीकडे वळणारे जेवढे, उजवीकडे वळणारे तेवढेच. म्हणजे अर्धा माल उलटा. दुसरं काय असणार?"

"दुसरं काय असू शकतं हे बघितलंत तुम्ही?"

"लेख सोमवारी जातोय," प्रोफेसर निघता निघता म्हणाले. "आणि वाईट नका वाटून घेऊ, लेखकांच्या यादीत तुमचंही नाव आहेच की. शेवटून दुसरं."

आता याला काय म्हणायचं? हिचा माल खोटा असं जगाला छापून सांगायचं, आणि त्याच कागदावर हिचंही नाव घालायचं, म्हणजे तिने स्वतःच कबूल केल्यासारखं. गुंडुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूप तसंच टाकून ती उठली.

तिच्या रागाचं कारण समजायला तिचं काम थोडं समजून घ्यावं लागेल. गुंडुला फ्रायबर्गची. त्या खाणींच्या गावात तिचा बाप, आजा सगळे दगडांतच मेले. तिने स्फटिकांवर डॉक्टरेट केली ती देशाचे दोन तुकडे करणारी भिंत पडायच्या आधी, जेव्हा भट्टीचा एखादा भाग मोडला तर तो शेजारच्या दूध डेअरीतून मागून आणावा लागे. पुढे देश एक झाला, पश्चिमेकडून प्रोफेसर आले, नव्या भट्ट्या आल्या. भट्टीसमोर बसणारी मात्र तीच राहिली. सीरियम, सिलिकॉन आणि प्लॅटिनमच्या कुळातला एक महागडा धातू यांचा रस ती वितळवत असे आणि मग तो इतका सावकाश निववत असे की त्या काळात झाडाला नवी फांदी फुटावी. त्यातून निघणारा स्फटिक करंगळीच्या नखाएवढा. पण तेवढ्यात इलेक्ट्रॉन असे वागत की जणू चिखलातून चालले आहेत, नेहमीपेक्षा शेकडो पट जड होऊन. जगात अशा जड इलेक्ट्रॉनच्या पदार्थांच्या मागे लागलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यातली बरीचशी गुंडुलाकडे रिकामी डबी पाठवून वाट बघत बसत. क्योटोहून, व्हिएन्नाहून डब्या येत. तिचा स्फटिक म्हटला की कुणी पुन्हा तपासत नसे. हीच तिची कमाई होती, आणि हीच आता सोमवारी जाणार होती.

तिच्या या पदार्थात आणखी एक गंमत होती. त्याच्या रचनेला वर आणि खाली आहे. मधल्या बिंदूपासून एका दिशेला जितकं जावं तितकंच उलट दिशेला जावं, तर दोन्हीकडे तोच अणू भेटत नाही. शर्टाला जशी कॉलर एकाच टोकाला असते, तसं. असा पदार्थ खूप थंड केला, अगदी थंडीच्या तळाशी नेला, की सीरियमच्या अणूंचे चिमुकले चुंबक ओळीत उभे राहतात, आणि प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा थोडा वळून. साध्या पदार्थात अशी ओळ डावीकडे वळेल नाहीतर उजवीकडे, दोन्ही सारखंच. पण ज्याला वर-खाली आहे, त्यात एकाच बाजूला वळायला हवी. तेच सिद्ध करायला हा सगळा खटाटोप चालला होता.

अडचण एवढीच की ही वळणं न्यूट्रॉन सोडून मोजतात, आणि न्यूट्रॉनना भरपूर माल लागतो. नखाएवढ्या एका स्फटिकावर त्यांचं भागत नाही. म्हणून बरेच स्फटिक ॲल्युमिनियमच्या पट्टीवर फरशीसारखे शेजारी शेजारी चिकटवतात, सगळ्यांची दिशा जुळवून. आणि म्हणूनच गुंडुलाने प्रत्येक स्फटिकाच्या वरच्या बाजूला नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावला होता. ओरखडा काढता आला असता, कोपरा घासता आला असता. पण इतक्या दिवसांनी हाती आलेल्या जिवाला जखम करायची तिची छाती होत नसे. ती स्वतः कधी नखं रंगवत नव्हती. बाटली दुकानातून आणली ती केवळ यांच्यासाठी.

उन्हाळ्यात डबी द्यायला ती प्रोफेसरांच्या खोलीत गेली होती तेव्हा तिने बजावून सांगितलं होतं, "लाल ठिपका म्हणजे वर. सगळे ठिपके एकाच बाजूला आले पाहिजेत." प्रोफेसर संगणकात डोकं घालून "हो हो, हो हो" म्हणाले होते. चार वेळा हो म्हणणाऱ्या माणसाने एकदाही ऐकलेलं नसतं, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

कँटीनमधून ती तडक फ्राउके ब्रोडरसनकडे गेली. आल्प्सच्या पायथ्याच्या अणुभट्टीवर जाऊन मोजमापं केली ती या फ्राउकेने. उत्तरेकडच्या समुद्रकाठची, पस्तिशीची, उंच आणि नीटनेटकी बाई. तिच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा एका रेषेत ठेवलेल्या असत. पट्टी परत आल्यावर तिच्यातली किरणं उतरेपर्यंत शिशाच्या कपाटात ठेवली होती आणि आता ती हाताळायला मोकळी झाली होती.

"दाखवा मला पट्टी," गुंडुला म्हणाली.

फ्राउकेने पट्टी काढून भिंगाखाली ठेवली. स्फटिक एका रांगेत, काठाला काठ लावून, लखलखत बसले होते. काम सुरेख होतं, हे गुंडुलालाही मान्य करावं लागलं. पण तिचा एकही ठिपका दिसत नव्हता.

"ठिपके कुठे गेले?"

"कुठले ठिपके?"

"लाल. प्रत्येकावर एक होता."

फ्राउकेचा चेहरा उजळला. "ते होय! ते काढले मी. ॲसिटोननं. एक कण म्हणून ठेवला नाही. नेलपॉलिशमध्ये हायड्रोजन असतो ना, हेम्पेलबाई, आणि हायड्रोजन आमचा शत्रू. सगळीकडे न्यूट्रॉन उधळून देतो, मग खालच्या गोंगाटात खरं काही दिसतच नाही. डिंकसुद्धा मी बिनहायड्रोजनचा वापरलाय."

शाबासकीची वाट बघावी तशी ती बघत होती. गुंडुलाने टेबलाचा काठ घट्ट धरला.

"मग वरची बाजू कुठली, हे कसं ओळखलंत?"

"एक्स-रेनं लावले की सगळे. एकूण एक."

"एक्स-रेला वर-खाली कळतं का हो?"

फ्राउके हुशार होती. एक्स-रेच्या त्या चित्रात सुलटा आणि उलटा स्फटिक अगदी एकसारखा दिसतो, हे पहिल्या वर्षाचं पुस्तकातलं ज्ञान तिला आठवत होतं. आठवलं नव्हतं ते फक्त वेळेवर. तिने हातातला चिमटा खाली ठेवला.

"नाही कळत," ती म्हणाली. "म्हणजे मी... जसे चिमट्यात आले तसे लावले. अर्धे उलटे लागले असणार."

"आणि अर्धे उलटे लागले की डावं आणि उजवं समसमान येणारच. आणि माझे स्फटिक जुळे ठरणार."

"पण मी विचारलं होतं हो!" फ्राउकेच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे लाल काय आहे म्हणून प्रोफेसरांना तिथून फोन केला होता."

"काय म्हणाले?"

फ्राउके लालबुंद झाली. "पुसून टाका म्हणाले."

आणखी काही तरी होतं, ते ती गिळून बसली. गुंडुलाने तिला छेडलं नाही. तिला या मुलीचा राग येत नव्हता, यायला हवा होता तरी. स्वच्छता पाळणाऱ्या माणसावर किती रागावणार?

घरी जाऊन तिने केक केला. इथली रीत अशी की ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांना केक खिलवायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तिला ही रीत मूर्खपणाची वाटली. मैदा मळताना ती भिंतीला सांगत होती, "खा म्हणावं, खा, माझाच केक खा आणि मलाच नावं ठेवा." पण केक न नेणं म्हणजे तोंड लपवणं, आणि तोंड लपवण्यासारखं तिने काही केलं नव्हतं. तिने तीन थरांची आयरशेके केली, खाली पाव, मधे दह्याचं सारण, वर अंड्याची पिवळीजर्द साय. ती नेहमीपेक्षा चांगली झाली, याचाही तिला राग आला.

सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी रीतसर गाणं म्हटलं. प्रोफेसरांनी दोन तुकडे घेतले. पहिला संपेपर्यंत त्यांनी पडद्यावर लेख उघडला आणि दुसरा खाता खाता वाचायला सुरुवात केली. 'वापरलेले स्फटिक जुळे असल्याने' इथे आले तेव्हा गुंडुलाने चमचा बशीवर ठेवला. मुद्दाम वाजवून ठेवला.

"स्फटिक जुळे नाहीत. तुमच्या माणसांनी ते उलटसुलट चिकटवलेत. मी ठिपके लावून दिले होते, ते पुसले गेले."

"ठिपके?" प्रोफेसरांनी कपाळाला आठी घातली. "कसले ठिपके? मला तरी काही आठवत नाही."

"तुमच्या खोलीत उभं राहून सांगितलं होतं मी. लाल ठिपका म्हणजे वर."

"हेम्पेलबाई, तुमच्या भावना मी समजू शकतो." हे वाक्य त्यांनी इतक्या मायेने म्हटलं की टेबलावरच्या दोघातिघांनी लाजून केककडे बघितलं. "इतक्या वर्षांची मेहनत आहे. पण निकाल कटू असला की ठिपक्यांच्या गोष्टी आठवायला लागतात माणसाला. बरं, ठिपके होते हे तरी कशावरून?"

सगळे आपापल्या बशीतला केक चिवडू लागले. यातल्या निम्म्यांनी ते ठिपके डबीत डोळ्यांनी पाहिले होते. पण प्रोफेसरांची सही लागत नाही असा कागद त्या संस्थेत नव्हता, आणि प्रत्येकाचा कुठला ना कुठला कागद अडकलेला होता.

"होते ठिपके," फ्राउके म्हणाली.

"ब्रोडरसन, तुम्ही जरा..."

"मी पुसले. पुसायच्या आधी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात तेही सांगते." तिने समोरची बशी बाजूला सारली. "तुम्ही म्हणालात, 'म्हातारीला या वयात नटायची हौस आली असेल, तिचं नेलपॉलिश सांडलं असणार. पुसून टाका आणि कामाला लागा.'"

कुणीतरी हसणार होतं, ते खोकलं. प्रोफेसर पडद्याकडे वळून काहीतरी शोधू लागले. गुंडुलाचे कान गरम झाले. एकसष्ट वर्षांची झाली होती ती त्या दिवशी, आणि तिची आठ-नऊ महिन्यांची तपश्चर्या एका टवाळीत पुसली गेली होती. बरं, टवाळी तरी खरी असावी! ज्या बाईने आयुष्यात नखाला रंग लावला नाही, तिच्या नटण्याची टवाळी.

"चला माझ्याबरोबर," ती उठून म्हणाली. "सगळे चला. बशा घेऊन आलात तरी चालेल, फक्त दारात ठेवा. ॲसिड आहे."

"पट्टी प्रकल्पाची मालमत्ता आहे," प्रोफेसर घाईने म्हणाले. "तिला ॲसिड लावायला माझी परवानगी नाही."

"पट्टी तुमची आहे ना? ठेवा मग तुम्ही पट्टी. वरचे स्फटिक माझ्या भट्टीतले आहेत."

तिच्या प्रयोगशाळेत धूर ओढणाऱ्या काचेच्या कपाटात तिने पट्टी ठेवली, हातमोजे चढवले आणि पातळ केलेल्या ॲसिडचा एकेक थेंब एकेका स्फटिकावर सोडला. ॲसिड वरचा पापुद्रा खातं. पण दुसरा इलाजच ठेवला नव्हता कुणी.

"वरच्या बाजूला सिलिकॉन असतो, त्याला हे ॲसिड चढत नाही," ती काम करता करता सांगत होती. "खालच्या बाजूला सीरियम, ते लगेच काळवंडतं. आता नीट बघा. स्फटिक जुळा असेल तर एकाच स्फटिकावर अर्धा भाग काळा आणि अर्धा चकचकीत दिसेल. जुळा नसेल तर अख्खा काळा, नाहीतर अख्खा चकचकीत."

सगळे काचेला नाक लावून उभे राहिले. थोड्या वेळाने एक स्फटिक काळवंडला. मग त्याच्या पलीकडचा. मग लांबचे दोन. मधले मात्र आरशासारखे तसेच राहिले. शेवटी पट्टीवर काळे आणि चकचकीत चौकोन असे विखुरले की बुद्धिबळाचा पट कुणी झोपेत रंगवावा. पण एकेक चौकोन आपापल्या जागी अख्खा होता. काठापासून काठापर्यंत एकाही स्फटिकावर दुसऱ्या रंगाची रेघ नव्हती.

"एकही जुळा नाही," फ्राउके हळूच म्हणाली.

गुंडुला प्रोफेसरांकडे बघत होती. माणूस कधी नव्हे तो ओशाळेल असं तिला वाटलं होतं. प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"उत्कृष्ट!" ते म्हणाले. "वा! म्हणजे आपले सगळे स्फटिक एकसंध आहेत, आणि कुणाची वरची बाजू कुठली तेही कळलं. हे तर फार मोठं काम होईल. पुन्हा मोजायचं, सगळे एका दिशेला लावून! ब्रोडरसन, अणुभट्टीवर आजच वेळ मागा. मला पहिल्यापासून वाटतच होतं."

काय वाटत होतं पहिल्यापासून? नेलपॉलिश सांडलं असं? गुंडुलाच्या तोंडापर्यंत आलेले शब्द फ्रायबर्गच्या खाणीतले होते, ते तिने कष्टाने आवरले.

"पुन्हा मोजा. पण आधी लेखात एक वाक्य हवं. बाजू दाखवणारे ठिपके आम्ही पुसून टाकले आणि स्फटिक उलटसुलट लावले."

"अहो, असलं लेखात लिहीत नाहीत हो."

"स्फटिक जुळे आहेत, हे लिहितात?"

"ते वाक्य काढूनच टाकतो ना! मिटला विषय."

"तुमचा मिटला. वाक्य येत नाही तोवर यातला एकही स्फटिक या कपाटाबाहेर जाणार नाही," असं म्हणून तिने कपाटाला किल्ली लावली आणि ती खिशात टाकली.

प्रोफेसर आठवडाभर फुगून होते. जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघत. एकदा संचालकांकडेही जाऊन आले म्हणतात, पण तोवर काळ्या आणि चकचकीत चौकोनांचा फोटो सगळ्या मजल्यांवर फिरला होता. शेवटी एका दुपारी ते स्वतः प्रयोगशाळेच्या दारात आले आणि कागद पुढे केला. वाक्य होतं. तळटिपेत, बारीक अक्षरांत, पण होतं. गुंडुलाने ते दोनदा वाचलं. तिच्या मनाला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही.

"आता द्या स्फटिक," प्रोफेसर म्हणाले. "आणि हवे तर पुन्हा ठिपके लावा, या वेळी मी स्वतः लक्ष घालतो."

"ठिपके नाही लावले," गुंडुला म्हणाली.

ती आणि फ्राउके आदले दोन दिवस बसून एकेक स्फटिक पट्टीवरून सोडवत होत्या. फ्राउकेने येताना सोबत लाल नेलपॉलिशची नवी बाटली आणली होती, उशिराची भेट म्हणून, आणि ती देताना बिचारीला पुन्हा रडू आलं होतं. गुंडुलाने तिला जवळ घेतलं, आणि "बाई-बाई म्हणणं सोड, मला तू म्हण," असं सांगितलं. प्रोफेसरांना तिने वीस वर्षांत हे सांगितलं नव्हतं. मग तिने हिऱ्याची कानस काढली. जी जखम करायला तिचा हात कधी धजला नव्हता, ती तिने प्रत्येक स्फटिकाला केली. वरच्या बाजूचा उजवा कोपरा घासून काढला. प्रत्येक वेळी थोडी राखाडी भुकटी कागदावर पडे, आणि त्या भुकटीत तिचे भट्टीसमोरचे किती दिवस गेले ते तिला एकटीला माहीत होतं. फ्राउकेने एकदा म्हटलंही, "गुंडुला, नको ना गं, ठिपकाच लाव." गुंडुलाने पुढचा स्फटिक कानशीवर धरला.

आता तिने डबी प्रोफेसरांच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडलं. सगळे स्फटिक सुलटे होते आणि एकाच बाजूला तुटलेले कोपरे दाखवत होते. प्रोफेसरांनी वर बघितलं, तेव्हा त्यांची नजर तिच्या बोटांवर गेली. दहाच्या दहा नखं लालभडक रंगवलेली होती.

"हे कोपरे..." ते चाचरले. "इतके चांगले स्फटिक, हे काय केलंत हेम्पेलबाई?"

"खूण केली," गुंडुला म्हणाली. "आता पुसून टाका."